शहापूर ते मुरबाड : पायाखालच्या दोन दांड्या

शहापूरहून मुरबाडला जावयाचें तर एस.टी.नें जावें, असें घरांतील सर्वांचें मत. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, घोट्याला तेल चोळून घ्यायचं नि पुन्हा फटफटीवरच बसायचं का?" तक्रार खरी होती. साठी उलटल्यावर आमचा उजवा घोटा पूर्वीसारखा वळत नाहीं. मागच्या चाकाच्या ब्रेकचें पायडल इतकें उंच कीं, तें दाबावयास दर वेळीं संबंध पाऊल उचलावें लागे. आदल्या सायंकाळीं पाना घेऊन आम्ही अंगणांत बसलों आणि पायडलाखालचा अटकावाचा बोल्ट फिरवून तें बोटभर खालीं आणलें. पाय कसा अलगद बसला! आपल्या कारागिरीचा थोडा गर्वही झाला.

भातकापणीचे दिवस होते. माहुलीचे सुळके पाठीशीं टाकून निघालों. वाऱ्याला ओल्या पेंढ्याचा वास होता. काळू नदीच्या पुलापर्यंत घोट्यानें कुरकूर केली नाहीं. मात्र गाडी जड चालत होती. पुलावर मागच्या गाडीवरील पुतण्यानें गांठून म्हटलें, "काका, तुमचा मागचा लाल दिवा शहापुरापासून विझलाच नाही. थांबताय की चाललाय, मला कळेना!" उतरून मागच्या चाकाच्या तुंब्याजवळ हात नेला तों चटका बसेल इतकी धग!

मुरबाडास मिस्त्रींनीं पाहतांच निदान केलें. "गुरुजी, पायडल खाली घेतलंत, पण मागची सळई सैल केली नाहीत. ब्रेक सारखा लागूनच राहिलाय."

पायडल खालीं आलें, म्हणजे सळई ओढली जाते आणि ब्रेकचे गुटके तुंब्यास घासत राहतात. दिव्याच्या बटणाची स्प्रिंगही ताणलेलीच राहते. मिस्त्रींनीं तुंबा निवूं दिला, चाकाजवळचा सळईचा नट सैल करून गाडीच्या पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेविली आणि बटण थोडें खालीं सोडलें. पतंजलींनीं आसनाला सुखाबरोबर स्थैर्यही सांगितलें आहे. आम्हीं तें वर्गांत कितीदां शिकविलें असेल, पण पाना हातांत घेतल्यावर आठवलें नाहीं.

मग डाव्या पायाची गिअरदांडी. तिचा बोल्ट पूर्ण काढून, दंडावरील दांत्यांवर एकच दांता सरकवून ती पुन्हां बसविली. चवडा जितका वर, तितकी टांच खालीं. म्हणून एकाहून अधिक दांता नको, असें ते म्हणाले. दुकानाच्या कोपऱ्यांत एक जुनी बुलेट होती. तिचा गिअर उजव्या पायाखालीं, ब्रेक डाव्या! १९६० नंतर म्हैसुरास बनलेल्या जावा गाडींत तर किक मारावयाची दांडीच पुढें वळवून गिअरची होई. पुतण्यास याचें भारी नवल वाटलें.

परततांना त्याला मुद्दाम मागेंच ठेविलें. पुलाशीं थांबून विचारलें, "दिवा?"

"ब्रेक दाबलात तेव्हाच लागला, काका."

घरीं सूनबाईंना घोट्याचें वर्तमान सविस्तर सांगितलें. तुंब्याचें पुतण्यानें सांगितलें.