चिमूटभर गंधक

हातीं न आलेल्या द्राक्षांना आंबट ठरविणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. पण द्राक्षें हातीं आल्यावर पुढें काय, हा प्रश्न त्या कोल्ह्याला कधीं पडला नाहीं. मलाही तो परवांपर्यंत पडला नव्हता. फळवाल्याकडून आणावीं, धुवावीं आणि मुलांच्या स्वाधीन करावीं, एवढाच माझा द्राक्षांशीं संबंध.

त्या संबंधाला निराळें वळण लावलें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. इंग्रजी काव्याच्या तासाला शेवटच्या बांकावर बसणारा हा गृहस्थ आज भवानीनगरजवळ द्राक्षबाग करतो. नीरा डाव्या कालव्याचा हा मुलूख उंसाचा. गांवाची ओळखच साखर कारखान्याची. तोडलेला ऊंस कारखान्याच्या वजनकांट्यावर गेला कीं शेतकरी बराचसा निश्चिंत होतो. द्राक्षाचें तसें नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरांत गोडी छाटणी, मग विरळणी, भुरीशीं आणि डावणीशीं झुंज. आणि हें सारें पार पडून घड भरले, तरी खरी परीक्षा पुढेंच असते. युरोपांत जाणारीं द्राक्षें न्हावाशेव्याच्या बंदरांतून बोटीनें निघतात. वाटेंत कित्येक आठवडे जातात, आणि तेथें पेटी उघडतांना घडांत एक करडा, केसाळ ठिपका दिसला कीं वर्षभराच्या कष्टांचा भाव कोसळतो.

हा ठिपका बोट्रायटिस नांवाच्या बुरशीचा. थंडींत कांहीं नासत नाहीं, अशी आपली समजूत. पण ही बुरशी शून्य अंश सेल्सिअसजवळही, हळूहळू कां होईना, वाढतच राहते. एका चिरलेल्या मण्यांतून ती शेजारच्या मण्यांत शिरते आणि घडांत आपलें घरटें करते. "सर, बुरशी शीतगृहांत जन्मत नाहीं, आम्हीच तिला बागेंतून घेऊन जातों," असें माझा विद्यार्थी म्हणाला. म्हणून तोडणी सकाळच्या गारव्यांत करावयाची, घड देठानें धरावयाचा, फुटका मणी कात्रीनें काढून टाकावयाचा, आणि कांहीं तासांच्या आंत फळांतली उष्णता काढून घ्यावयाची.

पण शीतगृहांत एक पेंच आहे. हवा कोरडी असली तर देठ वाळून तपकिरी होतो आणि मणी सुरकुततात. म्हणून आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवावी लागते. तेवढ्या ओलाव्यांत बुरशीला मात्र आनंदीआनंद! यावर उपाय म्हणजे पेटींत घडांवर अंथरलेला एक कागद. बागाईतदार त्याला 'ग्रेपगार्ड' म्हणतात. त्यांत सोडियम मेटाबायसल्फाइट असतें. ओलावा लागला कीं त्यांतून सल्फर डायॉक्साइड, म्हणजे गंधक जाळल्यावर निघणारा वायु, सुटूं लागतो. पहिले कांहीं दिवस भरभर, आणि नंतर कित्येक आठवडे थोडा थोडा. ज्या ओलाव्यावर बुरशी जगते, तोच तिच्यासाठीं विष तयार करतो, ही योजना मला मोठी मार्मिक वाटली.

घरीं हें सांगतांच सौभाग्यवतींनीं विचारलें, "म्हणजे इतके दिवस आपण विष खात होतों कीं काय?" मी त्यांना चहांतली साखर दाखविली. आपल्याकडील बहुतेक साखर कारखान्यांत उंसाचा रस स्वच्छ करण्यासाठीं हाच वायु वापरतात. आणि वेलीवर भुरी पडूं नये म्हणून धुरळतात तोही गंधकच. सौभाग्यवतींनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि द्राक्षें पुन्हां एकदां धुतलीं. त्यांची शंका अगदींच पोकळ नव्हती. दम्याच्या कांहीं रोग्यांना हीं गंधकी द्रव्यें सोसत नाहींत. म्हणून द्राक्षांत त्यांचा अंश दहा लाखांत १० भागांहून अधिक राहूं नये, असा परदेशांत दंडक आहे.

शिवाय वायु जास्त झाला तर द्राक्षालाही तो सोसत नाहीं. देठाजवळ मण्याचा रंग उडतो, चव बिघडते. पेटी मध्येंच उन्हांत राहिली, थंड मण्यांवर दंव सांचलें, कीं कागद एकदम वायु ओकतो. आणि मण्याच्या आंत मुरलेल्या बुरशीपर्यंत तर तो पोंचतच नाहीं. अफगाणिस्तानांत मातीच्या दोन परळांमध्यें द्राक्षें ठेवून, कडा चिखलानें लिंपून, तीं हिवाळाभर राखतात. तेथें कागद नाहीं, वायु नाहीं. पण न दुखावलेलीं फळें निवडण्याचा नियम तेथेंही सुटत नाहीं.

इतकीं वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर मला हें गणित ओळखीचें वाटतें. धाक अगदींच नसला कीं वर्ग नासतो. जास्त झाला कीं पोरांचा रंग उडतो. नेमकी चिमूट किती, हें पुस्तकांतून कळत नाहीं. माझा विद्यार्थी तें बागेंत उभा राहून, एकेक घड उजेडाकडे धरून शिकला. काव्याच्या तासाला त्यानें इतकें लक्ष दिलें असतें तर, असा विचार क्षणभर माझ्या मनांत आला खरा. पण मग त्याचीं द्राक्षें कोणीं जपलीं असतीं?