लॅपटॉप, लिस्बन आणि एक वर्ष

युरोपात घर, हातात कॉफी आणि बॉस दोन हजार किलोमीटर दूर... ऐकायला सॉलिड वाटतं ना? पण या पॅकेजमध्ये नेमकं काय काय येतं?

'डिजिटल नोमॅड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र वाळू, मांडीवर लॅपटॉप आणि बाजूला शहाळं. एक सांगून टाकते, वाळूत बसून कोणीही काम करत नाही. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि की-बोर्डमध्ये वाळू गेली की रिपेअरिंगचं बिल आपल्यालाच भरावं लागतं. लिस्बनमधलं माझं वर्ष गेलं ते चौथ्या मजल्यावरच्या एका छोट्याशा स्टुडिओ फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर. तरीही मित्रमैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न हाच, ''कसलं भारी लाइफ ना! आम्ही पण जावं का?''

या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून हा जमाखर्च.

आधी पैशांचं बोलू

माझी ओळख अगदी साधी. मास कॉमची डिग्री, ठाण्यात घर, मराठीत फ्रीलान्स लिखाण. आता मराठी लिखाणाच्या मानधनात लिस्बन सोडा, लोणावळ्यालाही नोमॅड होता येत नाही. पण एका जर्मन सॉफ्टवेअर कंपनीसाठी आणि इंग्लंडमधल्या एका एजन्सीसाठी मी इंग्रजीत लिहीत होते. त्या कामाचे पैसे युरो आणि पौंडात यायचे. त्यांच्याच जोरावर गाडी पुढे सरकली.

पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये खास बाहेरच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांचा व्हिसा सुरू केला. त्याची मुख्य अट म्हणजे दरमहा उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२४ मध्ये किमान वेतन होतं ८२० युरो, म्हणजे आपल्याला दाखवायचे ३,२८० युरो. त्यावेळच्या दराने जवळपास तीन लाख रुपये महिना! किमान वेतन वाढलं की हा आकडाही चौपटीने वाढतो. मागच्या तीन महिन्यांच्या कमाईचे पुरावे, राहायच्या जागेचा कागद, पोलिसांचा दाखला, इन्शुरन्स... फाइल इतकी जाड झाली की बाबा म्हणाले, ''एवढ्या कागदांत आपल्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट झालं असतं.''

'टुरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप काम करायचं' असा शॉर्टकट सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण शेंगेन टुरिस्ट व्हिसा फिरण्यासाठी असतो आणि त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात की पोर्तुगालच्या हिशेबी तुम्ही तिथले करदाते. नव्याने येणाऱ्यांना मिळणारी जुनी, प्रसिद्ध करसवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली. तेव्हा सी.ए.ची फी आधीच बजेटमध्ये धरा.

जमेच्या बाजू

सप्टेंबर २०२४ मध्ये मी पोहोचले आणि पहिले दोन महिने अक्षरशः हवेत होते. उजेड! लिस्बनचा उजेड ही काय चीज आहे, हे फोटोत कळत नाही. सात टेकड्यांचं शहर, खाली समुद्राएवढी रुंद नदी आणि तिच्यावरून उलटा येणारा सोनेरी प्रकाश. कोपऱ्यावरच्या कॅफेत एक युरोच्या आसपास छोट्या कपातली कडक कॉफी मिळायची. तिला तिथे 'बिका' म्हणतात. चाळीस युरोच्या महिन्याच्या पासात मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि नदीपार जाणारी बोटसुद्धा. ठाणे ते सीएसटी धक्के खात पत्रकारिता केलेल्या मुलीला आणखी काय हवं?

रात्री अकरा वाजता एकटीने चालत घरी यायचं आणि मागे वळून बघायचं नाही. ही एक गोष्ट मी जमेच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहीन. मुलींना वेगळं सांगायला नको.

भाषेचीही गंमत झाली. पोर्तुगीजच्या क्लासला गेले तर निम्मे शब्द माहेरचे. पाव तिथे 'पाँव', बटाटा 'बताता', चावी 'शाव्ह', बालदी 'बाल्द', अननस 'अनानाश'. आणि आपण महिनाभर ज्याची वाट बघतो तो पगार? तोही 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे यावरून आलेला. वसई-चौलला आणि गोव्यात शतकानुशतकं राहून ही मंडळी आपल्याकडे काय काय विसरून गेली ते मला तिथे कळलं. बेलेमच्या मठात वास्को द गामाची कबर आहे. तिच्यासमोर उभं राहून 'तुमच्यामुळे आमच्या वडापावात पाव आला हो' असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

कामाचं गणितही सोपं झालं. जर्मनी फक्त एक तास पुढे, इंग्लंड बरोबरीला. ठाण्यात असताना रात्री साडेदहाला होणाऱ्या मीटिंग्ज आता संध्याकाळी व्हायच्या आणि त्यानंतरची संध्याकाळ पूर्ण माझी.

आणि खर्चाच्या

पहिला धक्का थंडीचा. युरोपात घरं उबदार असतात असा आपला समज असतो. लिस्बनच्या जुन्या इमारतींत हीटिंगच नसतं. डिसेंबरमध्ये बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा, भिंतींना ओल, कपाटातल्या कुर्त्यांना बुरशी. मी कॅमेऱ्यापुरता चांगला स्वेटर आणि खाली दोन पायजमे घालून मीटिंग्ज केल्यात.

दुसरा धक्का मैत्रीचा. को-वर्किंग स्पेसमध्ये ओळखी पटापट होतात. ब्राझीलची एक, पोलंडचा एक, बंगळुरूची एक, सगळे मजेत. पण कोणाचे ९० दिवस संपतात, कोणाला बाली खुणावतं. दर महिन्याला कुणाचा तरी सेंड-ऑफ! सहाव्या महिन्यानंतर मी नव्या माणसाला नावाऐवजी पहिला प्रश्न विचारायला लागले, ''किती दिवस आहेस?'' उत्तर 'दोन महिने' आलं की मन आपोआप हात आखडता घ्यायचं.

२०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. योगायोगाने तिथेही त्या दिवशी सुट्टी. दुकानांबाहेर शेवंतीच्या फुलांचे ढीग बघून मी हरखले, दोन जुड्या घेतल्या. मग लक्षात आलं की ती फुलं लोक दफनभूमीत नेत होते. तो त्यांच्याकडे गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस. संध्याकाळी मी त्याच शेवंतीत पणती ठेवली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती. आई म्हणाली, ''छान केलंस गं,'' आणि तिचा आवाज बदलला. मग दोघीही फराळावर बोलत बसलो.

तिसरी गोष्ट जास्त टोचणारी. मार्तिम मोनीझ नावाच्या चौकाजवळ हिंग, तूरडाळ, पोहे सगळं मिळतं. तिथल्या गल्ल्यांत बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी मुलं दुकानं चालवतात, सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतात. १९ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्याच एका गल्लीत पोलिसांनी कारवाई केली आणि डझनावारी माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तो फोटो देशभर गाजला, जानेवारीत हजारो लोकांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. मी आदल्याच आठवड्यात त्या गल्लीतून पोहे आणले होते. माझा आणि त्यांतल्या काहींचा पासपोर्ट एकाच रंगाचा. पण ते 'इमिग्रंट' आणि मी 'नोमॅड'. फरक कशाचा? खात्यात जमा होणाऱ्या आकड्याचा. बस्स.

खालच्या मजल्यावरच्या आजी

माझ्या खालच्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी राहायच्या. जन्म याच वस्तीतला, नवरा ट्रामवर कंडक्टर होता. तो गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी त्या या छोट्या घरात आल्या. जिन्यात भेटलो की मी मोडकंतोडकं पोर्तुगीज बोलायचे आणि त्या ''मेनिना'' म्हणजे 'पोरी' अशी सुरुवात करून दहा मिनिटं बोलायच्या. मला निम्मं कळायचं. तेवढं पुरायचं.

२८ एप्रिल २०२५ चा सोमवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास लाइट गेले. मला वाटलं, आमच्या इमारतीचेच. पण अख्ख्या पोर्तुगाल आणि स्पेनची वीज गेली होती. मेट्रो बंद, सिग्नल बंद, थोड्या वेळाने मोबाइलचं नेटवर्कही गेलं. दुकानात कार्ड चालेना आणि माझ्या पाकिटात रोख साडेचार युरो! संध्याकाळी पाचला डेडलाइन होती. जगात कुठूनही काम करू शकणारी मी आता कुठूनच काही करू शकत नव्हते.

दार वाजलं. आजी. हातात जुना ट्रान्झिस्टर. ''मेनिना, खाली ये.'' त्यांच्याकडे गॅसची शेगडी होती, मेणबत्त्या होत्या आणि डब्यात रोख पैसे होते. कोबी-बटाट्याचं सूप झालं. मजल्यामजल्यावरची माणसं येऊन बातम्या ऐकून जात होती. आठ महिन्यांत ज्यांची नावं मला माहीत नव्हती, त्या सगळ्यांशी मी त्या दिवशी बोलले. रात्री दहानंतर लाइट आले तेव्हा रस्त्यावर अशा टाळ्या पडल्या, जशा आपल्याकडे मॅच जिंकल्यावर पडतात.

निघताना आजींनी सांगितलं की जूनअखेर त्या घर सोडतायत. करार संपत होता आणि मालक तो पुढे वाढवणार नव्हता. त्या ४५० युरो भाडं देत होत्या. वरच्या तशाच घराचे मी १,१०० देत होते. २०२५ चं किमान वेतन ८७० युरो. आता तुम्हीच सांगा, मालकाने काय केलं असतं?

हे काही एका आजींचं दुखणं नाही. २०११ मध्ये देश कर्जात बुडाल्यावर ७८ अब्ज युरोची मदत घ्यावी लागली. त्यानंतर भाडेकायदे सैल झाले, घर विकत घेणाऱ्या परदेशी लोकांना गोल्डन व्हिसा मिळाला, पर्यटकांसाठी घरं द्यायची लाट आली आणि मग आम्ही लॅपटॉपवाले आलो. एप्रिल २०२३ मध्ये घरांसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सरकारने घरखरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला. पण भाडी काही खाली आली नाहीत. गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवली-विरारला गेलेल्या घरांतल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. माझी आजीच परळ सोडून ठाण्याला आली होती.

जूनमध्ये आजी मुलीकडे बरेरूला गेल्या, नदीच्या पलीकडे. बोटीने वीसेक मिनिटं. जुलैत एकदा भेटायला गेले तर बाल्कनीतून त्यांनी नदीपलीकडची टेकडी दाखवली. म्हणाल्या, ''दिसतं सगळं. पण तिथे हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही.'' वाक्य सोपं होतं, मला पूर्ण कळलं.

मग जायचं की नाही?

माझा व्हिसा ऑगस्टअखेरपर्यंत होता. पुढच्या वर्षासाठी अर्ज करता आला असता. महिनाभर विचार केला आणि परत आले. कारण काही फिल्मी नाही. मला जे घर परवडत होतं ते तिथे नोकरी करणाऱ्या माणसाला परवडत नव्हतं आणि जी माणसं मला हवी होती ती एकतर ठाण्यात होती, नाहीतर बोटीने पलीकडे गेली होती. एक वर्ष मात्र मी कोणाला विकणार नाही. आज एकटीने कुठल्याही अनोळखी शहरात उतरायची मला भीती वाटत नाही, आणि ही कमाई कुठल्याच इन्व्हॉइसमध्ये दिसत नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. फक्त तीन महिने नाही, जमलं तर वर्षभर जा. राहायला खोली घ्या, अख्खा फ्लॅट अडवू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, कारण क्लायंट एका ई-मेलमध्ये जातो. भाषेचा क्लास पहिल्या आठवड्यातच लावा. पाकिटात थोडी रोख असू द्या. आणि पोहोचलात की को-वर्किंगची मेंबरशिप घ्यायच्या आधी खालच्या मजल्याची बेल वाजवा, नाव सांगा. वाय-फाय काय, कुठेही मिळतं.