काळ्या फिन्सला पिवळा रंग

बहारीनला आल्यावर मी आणि बायको डायव्हिंग शिकलो. गाशा गुंडाळून निघालेल्या एका सहकाऱ्याकडून मी जुन्या फिन्स घेतल्या. स्वस्त, पण काळ्याकुट्ट. इथला समुद्र उथळ, वारा सुटला की तळाची वाळू उठते. अशाच एका दिवशी बाराएक मीटरवर आमची चुकामूक झाली. नियम असा, की एक मिनिट शोधायचं, नाहीतर सावकाश वर यायचं. ते मिनिट फार मोठं होतं हो! वर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तू दिसतच नव्हतास."

म्हणून फिन्स रंगवायचं ठरवलं. लाल नको, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषतं. दहा मीटरवर लाल वस्तू मळकट करडी दिसते. पिवळा जास्त खोलवर टिकतो. स्प्रेचा डबा आणला, दोन हात मारले. झकास! दुसऱ्याच डाइव्हला पिवळे पोपडे पाण्यात तरंगायला लागले.

"पीएचडी नक्की कशात केलीयस?" इति बायको.

वर्मी लागलं, कारण ती पॉलिमरमध्येच आहे. माझ्या फिन्सचं पातं पॉलिप्रॉपिलीनचं. त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी, की पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. रंगाचीही तीच गत. सलमाबादच्या गॅरेजमधल्या पेंटरला विचारलं तर तो हसला. "साहब, बंपर पे भी पहले प्लास्टिक प्रायमर लगता है." बंपरही बहुधा त्याच जातीच्या प्लास्टिकचे! पण बंपर काही प्रत्येक लाथेला वाकत नाही. फिन वाकते, आणि रंग तडकतो.

खरी टोचणी लागली ती पोपड्यांची. याच समुद्रात इथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून, दगडाच्या वजनाने तळाशी जात, मोत्यांचे शिंपले काढत. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. आजीच्या नथीतले 'बसऱ्याचे मोती' म्हणजे आखातातलेच. २०१२ साली युनेस्कोने मुहर्रकमधल्या जुन्या वास्तू आणि समुद्रातले शिंपल्यांचे पट्टे जागतिक वारसा ठरवले. आणि मी त्या समुद्रात रंगाचा कचरा टाकून आलो.

उरलेला रंग घरी खरवडून काढला आणि पिवळ्या फिन्स विकत घेतल्या. त्यांत रंगद्रव्य प्लास्टिकमध्येच मिसळलेलं असतं, पोपड्यांचा प्रश्नच नाही.

असो. परवा पाण्यात मागे वळून पाहिलं. बायको माझ्या मागेच होती.