बावखल, विहीर आणि शांती

आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात सभांचे नवल नाही. पतपेढीची सभा, सणाच्या तयारीची सभा, झालेल्या सणाचा हिशेब मांडण्याची सभा! त्यामुळे गेल्या सप्टेंबरात मिस्सा संपल्यावर 'शांती आणि पर्यावरणीय न्याय' या विषयावरील मेळाव्याची घोषणा झाली, तेव्हा मंडळी निमूटपणे चपला शोधू लागली. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्ती जगात सृष्टीचा काळ म्हणून पाळला जातो. शेवटचा दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसचा. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. आमच्याकडे या दिवसांत एखादे रोप लावतात व त्याच्याभोवती उभे राहून फोटो काढतात. पुढे रोपाचे काय होते, ते फोटोत येत नाही.

मेळाव्यात फादरांनी विषय चांगला मांडला. जॉन पॉल यांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश पर्यावरणावरच दिला होता. शांतता केवळ युद्धाने भंगते असे नाही, सृष्टीच्या लुबाडणुकीनेही भंगते, असा त्याचा आशय. पुढे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या पत्रात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही, असे प्रतिपादन केले. हे सारे ऐकताना लोक माना डोलावीत होते. रोम लांब आहे, माना डोलवायला काही जात नाही.

मग एक वृद्ध वाडीवाले उठले आणि बावखलांविषयी बोलू लागले.

ज्यांनी बावखल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाडीच्या सखल भागातले हे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, मुरते आणि भोवतालच्या विहिरींना गोडे पाणी मिळते. समुद्र उंबऱ्याशी असूनही आमच्याकडे केळी आणि पानवेली पिकल्या त्या या पाण्यावर. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. रहाटाने ते जपून उपसले जाई. पंप आले, त्यामागून टँकर आले. वरचे गोडे पाणी झपाट्याने संपू लागले आणि खालचे खारे वर चढले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने हेच सांगितले होते. दिब्रिटो २०२४ साली गेले. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर पोहोचली होती. २०१८ च्या जुलैत शहर पाण्यात बुडाले, तेव्हा बुजवलेल्या पाणथळ जागांची आठवण अनेकांना झाली. पाणी ओसरले तशी आठवणही ओसरली.

"टँकर भरतो तो मी," मागच्या बाकावरून एक गृहस्थ म्हणाले. सभागृह एकदम शांत झाले. "केळीचा भाव पडला तेव्हा सभा घेतली होती का कोणी? पोराची फी पाण्यावर भरली मी." त्यांच्या शेजारची विहीर खारी झाली आहे. त्या विहिरीचे मालक पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

यावर काय बोलावे ते कोणास सुचेना. अखेर शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंनी निराळाच प्रश्न काढला. आपल्या नळाला येणारे पाणी सूर्या प्रकल्पाचे. धामणीचे धरण बांधले ते डहाणू-पालघरकडच्या शेतीच्या सिंचनासाठी. ते पाणी शहराकडे वळविण्यास तिथल्या आदिवासींनी विरोध केला. "आपल्या विहिरी आपण घालवल्या, आणि आता त्यांचे पाणी पितो. न्याय म्हणताना त्यांना मोजायचे की नाही?" मला वाटते, मेळाव्याचा विषय खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाला. दुर्दैवाने तेवढ्यात चहा आला.

चहानंतर ठरले ते एवढेच, की धर्मग्रामातल्या शिल्लक बावखलांची यादी करून ती बुजवू नयेत असा अर्ज करायचा. अक्षर बरे म्हणून वही माझ्याकडे आली. दोन रविवार मी आळीआळीने हिंडलो. कुठे पाणी होते, कुठे जलपर्णी, कुठे विटांचे तुकडे टाकून अर्धे काम उरकलेले. एका आजीने तर आधी विचारले, "बिल्डरचा माणूस की फादरांचा?"

राहता राहिले आमच्या घरामागचे. ते निम्मे बाबांचे, निम्मे काकांचे. काकांना ते भरून मुलासाठी दोन खोल्या काढायच्या आहेत. मुंबईत जागा घेण्याची ऐपत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. बाबांना ते मान्य नाही. ईस्टरपासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप आई पोचवते.

काकांना विचारल्याशिवाय नाव लिहायचे नाही, असे मी ठरविले आणि वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळी पाने सावकाश वाचली, दोन ठिकाणी आळीचे नाव दुरुस्त करून दिले.

"लिही," ते म्हणाले, "पण माझी सही आज मागू नकोस. आणि तुझ्या बापाला सांग, काय बोलायचे ते स्वतः येऊन बोल म्हणावे."