फुल म्हणजे नेमकं किती फुल?

जून उजाडला की आमच्या ग्रुपात एक प्रश्न हमखास येतो. "अरे, पुढच्या आठवड्यात यलोस्टोनला जायचंय, आरव्हीसाठी कुठे जागा मिळेल का?" उत्तरही ठरलेलं. "वेडा आहेस का? सहा महिने आधी बुक करावं लागतं!" मग विचारणारा बिचारा गुपचूप लास व्हेगासची तिकिटं काढतो.

उत्तर तसं खोटं नाही. यलोस्टोनमध्ये १२ कॅम्पग्राउंड, सगळे मिळून २००० पेक्षा थोड्या जास्त जागा. आणि एकट्या जुलै २०२१ मध्ये तिथे १० लाखांहून जास्त भेटींची नोंद झाली. म्हणजे गणपतीतलं कोकण रेल्वेचं बुकिंगच म्हणा की. पण मंडळी, वेटिंग लिस्ट हलते हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

आमचं जाणं ठरलं २०२३ च्या जुलैत, तेही चार दिवस आधी. आई-बाबा नातीसाठी पुण्याहून सॉल्ट लेक सिटीला आले होते आणि परतीचं तिकीट दोन आठवड्यांवर होतं. ऑफिसात रिलीज पुढे ढकललं गेलं आणि मला अचानक सुट्टी मिळाली. बाबा भूगोलाचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर उष्ण पाण्याच्या फवाऱ्याची आकृती काढली, प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता. मला वाटलं, उडी मारतील. तर म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घरी थांबतो."

आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. प्रोस्टेटचा त्रास. दर दीड तासाला बाथरूमला जावं लागतं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले नाहीत ते यामुळेच. घरी सगळ्यांना सांगितलं होतं की गुडघा दुखतोय.

म्हणजे हॉटेल आणि गाडी हा पर्याय बाद. टॉयलेट सोबत हवं, म्हणून आरव्ही. २५ फुटी एक भाड्याने मिळाली. आता ती उभी कुठे करायची?

पहिली गोष्ट म्हणजे यादी करायची, काय सोडता येईल आणि काय नाही याची. आम्हाला टॉयलेट सोडता येत नव्हतं, बाकी सगळं येत होतं. वीज, पाणी आणि सांडपाणी असं पूर्ण हुकअप असलेलं यलोस्टोनच्या आत एकच ठिकाण आहे, फिशिंग ब्रिज. सगळ्यांच्या उड्या तिथेच. पण दोन-तीन रात्रींसाठी हुकअप लागतंच असं नाही. गाडीच्या टाकीत साधारण १५० लिटर पाणी मावतं. पुण्यातली पाणीकपात काढलेल्या आईने ते आरामात पुरवलं. सहा हजार फुटांवर जुलैतही रात्री स्वेटर लागतो, एसीचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट, पार्कच्या कुंपणाबाहेर बघायचं. यलोस्टोनच्या भोवती नॅशनल फॉरेस्टची जमीन पसरलेली आहे. पश्चिमेला आयडाहोत कॅरिबू-टार्गी, उत्तरेला मोंटानात कस्टर गॅलाटिन, दक्षिणेला ब्रिजर-टीटन. यांची स्वतःची कॅम्पग्राउंडं आहेत. शिवाय बऱ्याच भागात कच्च्या रस्त्याकडेला फुकट मुक्काम करता येतो. तिथे नळ, संडास, काही नाही. किती दिवस राहायचं याची मर्यादा जागेप्रमाणे बदलते, म्हणून आधी रेंजर ऑफिसला फोन करायचा आणि त्यांचा फुकट मिळणारा रस्त्यांचा नकाशा घ्यायचा. लांब गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर आधी पायी जाऊन ती वळवायला जागा आहे का ते पाहून यायचं. आणि पार्कच्या आत रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये रात्र काढता येत नाही, तो विचार सोडून द्या.

तिसरी गोष्ट खास आपल्या धंद्यातली, सिस्टिमचे नियम वाचायचे. रिक्रिएशन.गव्ह या सरकारी वेबसाईटवर पोचण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी बुकिंग रद्द केलं तर १० डॉलर आणि वर पहिल्या रात्रीचं भाडं जातं. त्याआधी केलं तर फक्त १० डॉलर. मग लोक रद्द कधी करणार? गुरुवारची जागा मंगळवारी सुटते! (स्क्रिप्ट लिहायचा मोह झाला होता, पण बॉट चालवणं नियमात बसत नाही. चहा पीत रिफ्रेश करत बसलो.) यलोस्टोनमधली मोठी कॅम्पग्राउंडं कंत्राटदाराच्या वेगळ्या वेबसाईटवर असतात, तीही उघडी ठेवायची.

मंगळवारी रात्री सव्वानऊला आयलंड पार्कजवळ फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडात दोन रात्री मिळाल्या. तिसरी रात्र जंगलात, कच्च्या रस्त्याकडेला. तिथे अस्वलांचा मुलूख, त्यामुळे पोह्यांची कढईसुद्धा बाहेर ठेवायची नाही. आईने रात्री दोनदा उठून दाराची कडी तपासली.

पार्किंगमध्ये मोठ्या गाडीला जागा मिळावी म्हणून पहाटे निघालो आणि नऊच्या आत ओल्ड फेथफुलला पोचलो. वाटेत बाबांना तीनदा आत जावं लागलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी काही विचारलं नाही. फवारा नुकताच होऊन गेला होता. पुढच्याची वेळ लिहिली होती, साधारण दीड तासाने, दहा मिनिटं इकडे-तिकडे.

बाबांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"दर दीड तासाने? म्हणजे माझ्यासारखंच की!"

आई आधी दचकली, मग इतकी हसली की शेजारच्या बाकावरची चिनी कुटुंबातली आजीही हसायला लागली. त्यानंतर फवारा उडेपर्यंत बाबांनी मला आणि बायकोला खालचं तापलेलं पाणी, अरुंद नळी, दाब, वाफ सगळं समजावलं. हातात खडू नव्हता एवढंच.

असो. तर मंडळी, "फुल आहे" ऐकलं की लगेच व्हेगासला पळू नका. कुंपणाबाहेर बघा, मंगळवारी बघा, आणि काय सोडता येणार नाही ते आधी ठरवा.

त्या डिसेंबरात बाबा धाकट्या भाच्याच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. एसटीने. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवलं होतं म्हणे.