रंग भट्टीत ठरतो

मातीकामात केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही. कोबाल्ट ऑक्साइडची पूड काळी असते. भट्टीत लेपाबरोबर वितळली की ती निळी होते. तांब्याचा लेप भरपूर हवेत हिरवा उमटतो, हवा कोंडली की तांबडा. म्हणून आधी मातीच्या लहान तुकड्यांवर चाचणी घ्यावी आणि प्रत्येकाचे प्रमाण वहीत नोंदवावे, असा दंडक आहे.

बारामतीत आठवडाभर माझी भांडी प्रदर्शनात होती. सायंकाळी इंदापूरला परतून मी चाचणीची छोटी भट्टी लावी. सकाळी निघालेले तुकडे भांड्यांशेजारी मांडी. एक वृद्ध कुंभार आले. भांडी त्यांनी टिचकी मारून पाहिली. रेंगाळले मात्र तुकड्यांपाशी. म्हणाले, "आमच्यात हे कुणी लिवून ठेवलं न्हाई. हातासंगं आलं, हातासंगं जाईल."

कऱ्हा-नीरा संगमावर, बारामती तालुक्यातील सोनगाव येथे, उत्खननात ताम्रपाषाणयुगीन खापरे सापडली. तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली ही जोर्वे परंपरेची भांडी तीन हजार वर्षांहून जुनी. खापरे उरली, घडवणाऱ्यांचे शब्द उरले नाहीत.

नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्या तुमच्या घरीही असे एखादे हातातले ज्ञान असेल. ते जाणणारे माणूस समोर आहे, तोवर विचारून घ्या. मातीत राख किती, लीद किती, हे त्या आजोबांनी ओंजळीच्या मापाने सांगितले. माझ्या वहीत ग्रॅमशेजारी आता 'ओंजळ' हेही एक माप आहे.