गळती

पाण्याला वाट दाखवावी लागत नाही. कौलांतली फट असो वा धरणाच्या भिंतीतली चीर, ते आपली वाट आपणच शोधून काढते. मातीच्या माठाचे पाझरणे आपण गुण मानतो, कारण त्यामुळेच आतले पाणी गार होते. काचेच्या पेटीला मात्र ही सवलत नाही. तिच्यातून थेंब येऊ लागला की घरातल्या सर्वांची झोप उडते.

आमच्याकडे आलेली मत्स्यपेटी जुनी होती. आमच्या इमारतीतील एक वृद्ध गृहस्थ पुणे सोडून बंगळूरला मुलाकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी ती आम्हांला दिली. त्यांनीही ती जुन्या बाजारातून घेतलेली. म्हणजे आमचा संसार तिला निदान तिसरा. पेटीबरोबर दोन सोनमासे आले. त्यांतला मोठा नऊ वर्षांचा होता. निरोप घेताना काका एवढेच म्हणाले, “पेटीचं पुढेमागे काय करायचं ते करा, ताई, पण या दोघांना सांभाळा. आणि वेगळं नका करू.”

पाचव्या दिवशी सकाळी पेटीखालचा लाकडी घडवंचीचा कोपरा ओला दिसला.

पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिच्यात सुमारे सव्वाशे लीटर पाणी मावते, म्हणजे सव्वाशे किलो वजन झाले. पण सांध्यावर येणारा दाब या वजनावर अवलंबून नसतो, तो खोलीवर ठरतो. दीड फूट खोल पाणी तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४५ ग्रॅम दाब देते, मग ते पेटीत असो की तळ्यात. आकडा लहान वाटतो खरा. पण हा दाब दिवसरात्र, क्षणाचीही उसंत न घेता चालू असतो. म्हाताऱ्या सांध्याला तेवढे पुरते.

थेंब उजव्या कोपऱ्यातून पडत होता, म्हणून भोकही तिथेच असेल असे घरात सर्वांचे मत पडले. मला ते पटेना. मासे आणि खडी टबात हलवून मी पेटी तशीच राहू दिली व पाण्याच्या पातळीवर खूण करत गेले. पातळी उतरत उतरत तळापासून चार बोटांवर आली आणि थांबली. भोक त्या उंचीवर होते. चारही उभे सांधे बाहेरून कोरडे करून त्यांवर खडूची पूड लावली, पेटी पुन्हा भरली. तेव्हा मागच्या डाव्या सांध्यावर एक ओली रेघ उमटली. तिथून निघालेले पाणी तळाच्या कडेखालून चालत पार उजव्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत होते.

काच तडकली असती तर नवी पेटी घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण काच शाबूत होती. थकला होता तो सांध्यांच्या आतल्या बाजूचा सिलिकॉनचा थर. पूर्वीच्या पेट्यांना लोखंडी चौकट आणि लांबी असे, तिथे भेगेवर आणखी लांबी भरून काम भागवता येई. सिलिकॉनचे तसे नाही. नवे सिलिकॉन जुन्यावर धरत नाही; त्यामुळे बोटभर गळतीसाठी आतला सगळाच थर खरवडावा लागतो. ब्लेडने ते काम करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. मग काचा स्पिरिटने पुसल्या, कडांना चिकटपट्टी लावली आणि नवा थर भरून ओल्या बोटाने गुळगुळीत केला. न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन मी मुद्दाम टाळले, त्यातले औषध माशांना घातक ठरते. खोलीभर सिरक्यासारखा आंबूस वास पसरला. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचे नाही असे ठरवले आणि सात दिवस पेटी रिकामी ठेवली.

खरी कसोटी त्या सात दिवसांत टबातल्या दोघांची होती. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो पचवून निरुपद्रवी करणारे सूक्ष्म जीव खडीत आणि गाळणीत वस्तीला असतात. म्हणून खडी ओलीच ठेवली, गाळणी टबातच चालू केली आणि रोज एक तृतीयांश पाणी बदलले, तेही एक दिवस उघडे ठेवलेले. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एका भांड्यात ठेवून पाण्यातील जीवांचा हा समतोल अभ्यासला होता. माझ्याकडे वनस्पती होती, गोगलगायी नव्हत्या. चौथ्या दिवशी मोठा मासा तळाशी बसून राहिला, अन्नाला तोंड लावीना. त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. “कसे आहेत दोघं?” मी खरे ते सांगितले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “टबावर अंधार करा. त्याला उजेड सोसत नाही.”

टबावर जुने धोतर टाकले. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दाणे खाल्ले.

आठव्या दिवशी पेटी आधी अर्धी भरली, रात्रभर थांबून मग पूर्ण. पातळीची खूण हलली नाही. आता दोघेही पेटीत आहेत आणि मोठा मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या नव्या सांध्याला अधूनमधून तोंड लावून पाहतो. घडवंचीवर अंथरलेले वर्तमानपत्र मी अजून काढलेले नाही.